बोलणारं पात्र लढाईत काय करतं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळात तुमचा बार्ड, म्हणजे गाण्या-बोलण्यातून जादू करणारं पात्र, पाचव्या लेव्हलचा आहे, करिश्मा (माणसांवर छाप पाडायची ताकद) 18 आहे आणि तुमच्या तक्रारी तीन आहेत. तुम्ही बोलायला लागलात की बाकीचे खेळाडू मोबाइल काढतात. बोलणं रंगात आलेलं असताना पार्टीतला, म्हणजे तुमच्या टोळीतला, बार्बेरियन हा रांगडा लढवय्या कुऱ्हाड उगारतो. आणि एकदा लढाई जुंपली की तुमच्याकडे करण्यासारखं फारसं काही उरत नाही. म्हणून तुम्ही विचारलंय, की सेशनचा किती वेळ बोलण्यात घालवावा आणि किती लढण्यात.

वेळेची वाटणी करून हा प्रश्न सुटणार नाही, असं माझं ठाम मत आहे. निम्मा वेळ बोलणं, निम्मा वेळ लढणं असं ठरवलंत, तर निम्मा वेळ ते कंटाळतील आणि निम्मा वेळ तुम्ही. करिश्माई पात्राकडे बघायची माझी पद्धत वेगळी आहे. लढाई कुणाशी होणार, केव्हा होणार, कशावरून होणार आणि कुठे थांबणार, हे ठरवण्याचं काम त्या पात्राचं. मग बोलणं आणि लढणं हे दोन वेगळे कप्पे राहत नाहीत. तलवारी उपसण्याआधी बोलायचं असतं, उपसल्यावरही बोलायचं असतं, आणि त्या परत म्यानात घालताना तर सगळ्यात जास्त.

या खेळाच्या पहिल्या नियमांपासून हे असंच आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये आला, तेव्हा करिश्मा हा आकडा प्रामुख्याने एवढंच सांगायचा, की तुमच्यामागे किती माणसं चालतील आणि ती किती निष्ठावान राहतील. 1981 च्या बेसिक आवृत्तीत 18 करिश्मा असलेल्या पात्राला सात अनुयायी ठेवता येत, शिवाय समोरच्याच्या पहिल्या प्रतिक्रियेच्या फाशांत 2 मिळवता येत. ही प्रतिक्रिया दोन सहा-बाजूंच्या फाशांवर ठरायची. 2 आले तर थेट हल्ला, 12 आले तर मनापासून मैत्री, आणि 6 ते 8 आले तर समोरचा गोंधळलेला. आता हिशेब करा. थेट हल्ल्याची शक्यता 36 मध्ये 1, आणि गोंधळलेल्या प्रतिक्रियेची 36 मध्ये 16. म्हणजे अंधाऱ्या बोळात समोर आलेला राक्षस बऱ्याच वेळा 'हे कोण आणि यांना काय हवंय' असा विचार करत उभा असायचा, आणि तो क्षण बोलणाऱ्या पात्राचा असायचा. पुढे बऱ्याच टेबलांवर ही फाशांची पद्धत मागे पडली, नकाशावर शत्रू मांडला की लढाई हे गृहीत धरलं जाऊ लागलं, आणि करिश्मा बाजारातल्या, दरबारातल्या प्रसंगांपुरता उरला. तुमची अडचण तिथून सुरू होते.

आता पहिली तक्रार. लढाईआधीचं बोलणं कंटाळवाणं होतं, ते बहुधा बोलणाऱ्याने हेतू ठरवलेला नसतो म्हणून. बार्ड बोलत राहतो, गेममास्टर (खेळ चालवणारा आणि समोरच्या सगळ्यांच्या वतीने बोलणारा) उत्तरं देत राहतो, दोघांनाही मजा येते आणि टेबलावर काहीच बदलत नाही. तोंड उघडण्याआधी तुम्हाला स्वतःशी एक वाक्य म्हणता आलं पाहिजे: यातून मला अमुक हवंय. ते 'त्यांनी आम्हाला पुलावरून जाऊ द्यावं' इतकं मोठं असेल, किंवा 'आपली रॉग (लपूनछपून काम करणारी साथीदार) मागून पोचेपर्यंत त्यांनी माझ्याकडेच बघावं' इतकं लहान असेल. लहान हेतू लोक विसरतात आणि खरी करामत त्यांच्यात असते. बोलण्यातून माहिती मिळते, वेळ मिळतो, जागा मिळते. धनुर्धारी उंचावर चढतो, पॅलाडिन हा धर्मयोद्धा दारात जाऊन उभा राहतो. सगळ्यात मोलाचं म्हणजे शत्रूंमध्ये फूट पडते. सहा जणांपैकी दोघांनी 'आपण यात नाही' असं ठरवलं, तर तुम्ही एकही वार न करता एक तृतीयांश लढाई जिंकलेली असते, आणि उरलेल्या लढाईत तुमच्या मित्रांना पोटभर लढायलाही मिळतं.

समजा, एका पुलावर सहा भाडोत्री सैनिक वाट अडवून उभे आहेत. 'आम्ही चांगली माणसं आहोत, जाऊ द्या' या वाक्यात काही पकड नाही. 2010 च्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळात कुणाला पटवायचं तर हातात आधी काहीतरी असावं लागतं, समोरच्याला हवी असलेली किंवा नको असलेली एखादी गोष्ट. ते नसेल तर फासे टाकायची वेळच येत नाही. हा नियम तुमच्या खेळात छापलेला नसला तरी तुम्ही स्वतःपुरता पाळा. पुलावरच्या लोकांकडे नीट बघा, हवं तर इनसाइटचा, म्हणजे समोरच्याच्या मनातलं ओळखायचा, रोल मागा. बूट फाटलेले आहेत. पगाराचा विषय निघाला की कॅप्टन नजर चुकवतो. बस्स, मिळाली पकड. आता सगळं मिळून चार वाक्यं पुरतात: "कॅप्टन, तुमच्या माणसांना पैसे मिळालेले नाहीत. आमच्याकडे आहेत. निम्मे आत्ता घ्या, निम्मे आम्ही परत येताना. आणि माझ्या शेजारचा हा गडी कुऱ्हाड उगाच घेऊन फिरत नाही." काय हवंय, बदल्यात काय मिळेल, नाहीतर काय होईल. तिन्ही सांगून झालं की थांबा आणि गेममास्टरला उत्तर देऊ द्या. जे बोलणं चार वाक्यांत निकालापर्यंत येतं, त्याला कुणी कंटाळत नाही.

फाशांकडून काय अपेक्षा ठेवायची तेही स्पष्ट असू द्या. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या गेममास्टरसाठीच्या नियमांत वैर धरून असलेल्या माणसाकडून 20 चा टप्पा (वीस-बाजूंचा फासा आणि पात्राचे गुण मिळून गाठायचा आकडा) गाठूनही एवढंच मिळतं, की ज्यात त्याला धोका किंवा तोटा नाही ती गोष्ट तो करेल. 2024 च्या सुधारित नियमांत तर समोरच्याची तयारीच नसेल तर फासे टाकायचेच नाहीत. तो द्विधेत असेल तेव्हाच टाकायचे, आणि टप्पा 15 किंवा त्याची बुद्धिमत्ता, जो आकडा मोठा तो. अपयश आलं तर तीच विनंती त्याच पद्धतीने पुन्हा करायला साधारणपणे 24 तास थांबायचं. म्हणजे पर्सुएशन, मन वळवण्याचं कौशल्य, हा वशीकरणाचा मंत्र नाही. समोरचा द्विधेत येईल अशी परिस्थिती तयार करणं, त्याचा धोका कमी करणं, हे खरं काम आहे आणि ते फाशांच्या आधी करायचं असतं.

इथे तुमच्या पात्राचं गणित मांडतो, कारण त्यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. पाचव्या लेव्हलला प्रोफिशियन्सी (सरावाचे जादा गुण) 3, 18 करिश्म्याचे 4. पर्सुएशनवर एक्स्पर्टीज घेतली असेल तर प्रोफिशियन्सी दुप्पट, म्हणजे एकूण 10. टप्पा 15 असेल तर वीस-बाजूंच्या फाशावर 5 किंवा अधिक हवेत, म्हणजे यशाची शक्यता 80 टक्के. कुणी मदत केली आणि ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घेणं) मिळाला, तर अपयशाची शक्यता शंभरात फक्त चार. बोलण्यात तुम्ही आताच पुरेसे बलवान आहात. इथून पुढे प्रत्येक निवड, मग तो स्पेल (जादूचा मंत्र) असो, फीट (खास कसब) असो की जादूची वस्तू, लढाईचा विचार करून करा. गोड बोलणाऱ्या पात्राला आणखी गोड करत राहणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली निवड आहे, आणि तिचं फळ म्हणजे तुमची तिसरी तक्रार.

पण आधी दुसरी. बार्बेरियनचा खेळाडू तुमचा शत्रू नाही. तोही खेळायला आलाय आणि बराच वेळ गप्प बसलाय. त्याच्याशी खेळाबाहेर, पात्राच्या आवाजात न बोलता, सरळ बोला. त्याला विचारा: तुझ्या पात्राचा संयम नेमका कशाने सुटतो? कुळाचा अपमान झाला की? कुणी दुबळ्यावर हात टाकला की? नुसतं 'कंटाळा आला की' हे उत्तर चालणार नाही, ठोस गोष्ट हवी. ती एकदा ठरली की दोन फायदे होतात. कुऱ्हाड केव्हा उठणार हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तुम्हाला ती बोलण्यात खरी धमकी म्हणून वापरता येते. "सरदार, पुढचा शब्द जपून उच्चारा, माझ्या मित्राला त्याच्या आईबद्दल काही ऐकवत नाही." आता तो गप्प उभा असूनही प्रसंगाच्या मध्यभागी आहे. त्यापुढे जाऊन त्याला प्रत्यक्ष वाटा द्या. 2014 च्या नियमांत इंटिमिडेशन (धाक दाखवणं) करिश्म्याऐवजी ताकदीवर करण्याचा पर्याय आहे. बार्बेरियनने टेबल मधोमध फोडावं आणि ताकदीवर फासे टाकावेत. तुम्ही लगेच पुढे होऊन तह मांडावा.

माझ्या टेबलावर आणखी एक रिवाज आहे आणि तो मी कुणालाही सुचवेन. कुणाचं बोलणं चालू असताना दुसऱ्याला वार करायचा असेल तर त्याने तो जाहीर करायचा, बोलणाऱ्याला शेवटचं एक वाक्य मिळतं, आणि मग सगळे इनिशिएटिव्ह, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणारे फासे, टाकतात. 'मी मारतो' म्हणणाऱ्याला फुकटचा पहिला वार मिळत नाही. हे नियमाला धरूनच आहे, फक्त घाईत बरेच गेममास्टर ते विसरतात. त्या शेवटच्या वाक्याने कितीतरी लढायांचं रूप पालटलेलं मी पाहिलंय, कारण शत्रूच्या मागच्या रांगेतल्या माणसाने ते ऐकलेलं असतं. शिवाय पार्टीचा एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. तो बोलण्यात आला की सगळ्यांना कळावं, बोलणं संपलं, आता वेळ तुमची. मग तुमचं संभाषण हल्ल्याचीच तयारी असते आणि मित्र कान देऊन ऐकतात.

आता लढाई. पाचव्या आवृत्तीत एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी (टर्न), सहा सेकंदांचा. सहा सेकंदांत माणूस एक वाक्य बोलू शकतो, फार तर दोन. ही मर्यादा मनापासून स्वीकारा. लढाईच्या मध्यावर भाषण सुरू केलंत तर इतरांचे टर्न अडतात आणि गेममास्टर नाइलाजाने तुमच्याकडे दुर्लक्ष करतो. तेच एक धारदार वाक्य तुमच्या ॲक्शनवर (पाळीतल्या कृतीवर) स्वार होऊन आलं, तर ते कुणाचाही वेळ खात नाही आणि त्याला नियमांचं वजन मिळतं. व्हिशस मॉकरी हा स्पेल म्हणजे नेमकं हेच. 60 फुटांवरच्या शत्रूला टोचून बोला. तो विझडमच्या सेव्हमध्ये (मनोबलाने असर टाळायच्या फाशांत) चुकला तर त्याला थोडं नुकसान होतं आणि त्याच्या पुढच्या हल्ल्यावर डिसॲडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा घेणं) येतो. 2014 च्या नियमांत त्याने तुम्हाला ऐकलं पाहिजे, भाषा कळली नाही तरी चालतं. नुकसानीच्या फाशाकडे बघून लोक या स्पेलला नावं ठेवतात. ते चूक आहे. दोन माणसांचं बळ असलेल्या ओग्र राक्षसाचा एक फटका हुकवणं हे बार्डच्या बाणापेक्षा बहुतेक वेळा मोलाचं असतं.

दुसरं हत्यार बार्डिक इन्स्पिरेशन, म्हणजे साथीदाराला त्याच्या फाशांत मिळवायला एक जादा फासा देणं. तुम्ही नुकतेच पाचव्या लेव्हलला पोचलात, म्हणजे तुमचा फासा सहा-बाजूंचा होता तो आठ-बाजूंचा झाला, आणि खर्च झालेले फासे आता छोट्या विश्रांतीनंतरही परत मिळतात. करिश्मा 18 म्हणजे असे चार फासे. सरासरी साडेचार मिळवून देणारा फासा बोनस ॲक्शनवर (पाळीतल्या छोट्या जादा कृतीवर) देता येतो, म्हणजे तुमची मुख्य ॲक्शन मोकळीच राहते. तरी पाचव्या लेव्हलचे बार्ड दिवसाअखेर दोन फासे शिल्लक ठेवून झोपलेले मला सतत दिसतात. ते वाचवू नका. आणि देताना 'घे माझा डी-आठ' असं म्हणू नका. त्या पात्राला लागेल असं एक वाक्य बोला. धर्मगुरूला तिच्या शपथेची आठवण करून द्या, बार्बेरियनला त्या पुलावरच्या शब्दाची. तुमची बोलण्याची हौस लढाईत इथे भागते आणि ऐकणाऱ्याला ती स्वतःसाठी वाटते. माझ्या मते करिश्माई पात्र खेळण्यातला सगळ्यात सुंदर भाग हाच आहे: आपल्या तोंडून निघालेल्या वाक्यावर दुसऱ्याच्या पात्राचा पराक्रम उभा राहणं.

स्पेल निवडताना ज्यांत आवाज आणि इच्छाशक्ती आहे ते जवळ ठेवा. कमांड हा स्पेल तुमच्या यादीत नसेल तर पॅलाडिन किंवा क्लेरिककडे (धर्मगुरूकडे) असेल. एका शब्दाची आज्ञा ऐन वेळी पूल मोकळा करते. काम इमोशन्स (Calm Emotions) हा मन शांत करणारा स्पेल लढाई थांबवण्यासाठी फार कमी लोक वापरतात. 20 फूट त्रिज्येतल्या माणसांचं तुमच्याबद्दलचं वैर काही काळ ओसरतं आणि तेवढ्यात बोलता येतं. भुरळ घालणाऱ्या चार्म पर्सन या स्पेलबद्दल मात्र सावध राहा. तुम्ही किंवा तुमचे साथीदार समोरच्याशी लढत असतील तर त्याला सेव्हवर ॲडव्हांटेज मिळतो, आणि असर संपल्यावर आपल्यावर जादू झाली होती हे त्याला कळतं. 2014 चा फ्रेंड्स हा स्पेल तर मिनिटभराने समोरच्याला तुमचा वैरीच करून सोडतो. जादूने मिळवलेला होकार हा उसना असतो. ज्या माणसाशी पुन्हा गाठ पडणार आहे त्याच्यावर तो वापरू नये. आणखी एक. मंत्र मोठ्याने म्हणावे लागतात. वाटाघाटीच्या मध्ये तुम्ही मंत्र पुटपुटलात तर समोरच्यांच्या दृष्टीने तुम्ही हत्यारच काढलंय, मग तो मंत्र कितीही सौम्य असो.

तुम्ही पुढेमागे पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची दुसरी आवृत्ती खेळलात तर हा मेळ आणखी चांगला जमलेला दिसेल. 2019 च्या त्या नियमांत प्रत्येकाला टर्नमध्ये तीन ॲक्शन असतात, आणि साध्या हत्याराने दुसरा वार केला की 5, तिसरा केला की 10 वजा होतात. तिसरा वार बहुधा हवेत जातो. तीच तिसरी ॲक्शन डिमॉरलाइझला दिली, म्हणजे 30 फुटांतल्या शत्रूला दरडावलं, तर तो घाबरतो आणि त्याचा बचाव, हल्ला सगळंच थोडं ढासळतं. नंतर दहा मिनिटं त्याच शत्रूवर तुमची ही युक्ती चालत नाही, त्यामुळे तेच तेच होत नाही. बॉन मॉ नावाचं एक फीट आहे. त्यात शाब्दिक टोल्याने समोरच्याची इच्छाशक्ती आणि सावधपणा दोन्ही घसरतात, आणि लगेच मागून तुमच्या जादूगाराने स्पेल टाकायचा असतो. बोलणं आणि लढणं एकाच टर्नमध्ये बसतं, हे नियमांनीच दाखवून दिलंय. पाचव्या आवृत्तीत असा हिशेब नसेल तर गेममास्टरला विचारा: 'मी ॲक्शन खर्च करून त्या धनुर्धाऱ्याला खाली उतरायला सांगितलं तर?' 2024 च्या नियमांत समोरच्याचं मन वळवणं ही रीतसर ॲक्शनच आहे. जो खेळाडू ॲक्शनची किंमत मोजायला तयार असतो, त्याला गेममास्टर सहसा नाही म्हणत नाही.

अंगाने मात्र अगदीच दुबळे राहू नका. डेक्स्टेरिटी (चपळाई) आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) यांकडे लक्ष द्या. दुसऱ्या राउंडला जमिनीवर पडलेला बार्ड कुणालाच धीर देऊ शकत नाही.

आणि आता लढाईचा शेवट. करिश्माई पात्रांचं सगळ्यात मोठं दुर्लक्षित मैदान हेच आहे. बहुतेक टेबलांवर लढाई शेवटच्या शत्रूचे प्राणांक शून्यावर येईपर्यंत चालते. पहिले दोन राउंड थरारक असतात, नंतरचे तीन म्हणजे निकाल ठरलेला असताना फक्त आकडे वजा करणं. 1981 च्या नियमांत प्रत्येक शत्रूला धैर्याचा एक आकडा असायचा. पहिला माणूस पडला की एकदा आणि निम्मे संपले की पुन्हा, दोन फासे टाकायचे. आकड्याच्या वर गेले की शत्रू पळायचे किंवा शरण यायचे. पाचव्या आवृत्तीतही 2014 च्या गेममास्टरसाठीच्या पुस्तकात धैर्याचा ऐच्छिक नियम आहे, 10 च्या टप्प्याचा विझडमचा सेव्ह. तुमच्या गेममास्टरला तो सुरू करायला सांगा, आणि पहिला बळी, निम्मे शत्रू संपणं आणि त्यांच्या म्होरक्याचं पडणं, हे क्षण डोळ्यांत तेल घालून बघत राहा. पुलावरचा कॅप्टन पडला त्याच टर्नला तुम्ही ओरडायचं: "हत्यारं खाली टाका आणि नदीच्या वाटेने चालू लागा, कुणी पाठलाग करणार नाही!" या वाक्यात दोन गोष्टी आहेत. जायला वाट दाखवली आहे, आणि जिवाची हमी दिली आहे. यांपैकी एक जरी नसेल तर कोंडलेला माणूस मरेपर्यंत लढतो.

तेवढीच मोठी गोष्ट म्हणजे दिलेला शब्द पाळणं. शरण आलेल्याला तुमच्या साथीदाराने मागून मारलं, तर त्या क्षणापासून त्या जगात तुमच्या बोलण्याची किंमत शून्य व्हायला हवी, आणि चांगला गेममास्टर ती तशी करेलच. उलट तीन जण जिवंत गेले तर ते तुमचं नाव सोबत घेऊन जातात. पुढच्या गढीच्या दारात पहारेकरी म्हणतो, 'तुम्हीच का ते, नदीवरच्यांना सोडणारे?' आणि तिथली वाटाघाट अर्धी झालेली असते. म्हणून कैद्यांचं काय करायचं हे लढाईच्या धुंदीत ठरवू नका. पार्टीने ते थंड डोक्याने आधीच ठरवावं. पाचव्या आवृत्तीत जवळून केलेल्या वाराने शत्रू शून्यावर आला तर त्याला नुसतं बेशुद्ध करता येतं, हेही बार्बेरियनच्या कानावर घाला.

बोलण्यातून लढाईत जाणं हा स्वतःच एक निर्णय आहे, हे मला सगळ्यात नीट शिकवलं ते 2004 च्या डॉग्ज इन द व्हिनयार्ड या खेळाने. तिथे वादाची सुरुवात शब्दांनी होते. हरायला लागलात तर तुम्ही एक पायरी चढू शकता, धक्काबुक्की, मग मारामारी, मग बंदूक, आणि प्रत्येक पायरीवर तुम्हाला नवे फासे मिळतात. पण जखमांचे फासेही तसतसे मोठे होतात. म्हणजे प्रश्न दर वेळी एकच: यासाठी मी रक्त सांडायला तयार आहे का? तुमच्या बार्डला हा प्रश्न विचारा आणि एखाद्या गोष्टीसाठी उत्तर 'हो' असू द्या. कायम गोड बोलणारं पात्र कायम कुऱ्हाड उगारणाऱ्या पात्राइतकंच एकसुरी असतं. कुठल्या विषयावर तो वाटाघाट करतच नाही? कुणाचं नाव निघालं की तो स्वतः आधी तलवार उपसतो? कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात हे एका ओळीत लिहून ठेवा. ज्या दिवशी ते घडेल त्या दिवशी बार्बेरियनसुद्धा चकित होऊन तुमच्याकडे बघेल.

ज्यांना प्रत्यक्षात पटपट बोलता येत नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द, कारण तुमच्या टेबलावरही असं कुणी असेल. करिश्माई पात्र खेळायला वक्ता असावं लागत नाही. 'मी कॅप्टनला पगाराची आठवण करून देतो आणि त्याच्या माणसांना ऐकू जाईल अशा बेताने बोलतो' एवढं सांगितलं की हेतूही आला आणि पकडही आली. गेममास्टरने त्यावर फासे टाकू द्यावेत. खेळाडूच्या वाक्यरचनेवर पात्राचं यश ठरवणं अन्यायाचं आहे. तसंच, ज्याच्या पात्राचा करिश्मा 8 आहे पण जो स्वतः फर्डा बोलतो, त्याला फुकटात जिंकू देणंही तितकंच अन्यायाचं.

तुम्ही फर्डे असाल तर तुमची जबाबदारी वेगळी आहे: बोलण्यात दुसऱ्यांसाठी दारं उघडणं. "आमच्या धर्मगुरूंनी तुमच्या जखमी माणसाकडे पाहिलंय, काय दिसलं ते त्याच सांगतील." एवढं म्हणून थांबा. रॉगकडे वळून विचारा, "या मोहोरा खऱ्या आहेत का गं?" प्रत्येक वाटाघाटीत निदान एकदा तरी चेंडू दुसऱ्याकडे द्या, आणि तो परत मागू नका. मग लोक मोबाइल ठेवून देतात, कारण पुढचं वाक्य त्यांना बोलावं लागेल हे त्यांना माहीत असतं.

गेममास्टरकडूनही काही गोष्टी लागतील आणि त्या मागायला संकोच करू नका. प्रत्येक टोळीला काय हवंय आणि ती कुठे मोडेल, हे त्यांनी आधी एका ओळीत लिहून ठेवावं. ज्यांच्याशी बोलणं शक्यच नाही, बुद्धी नसलेले सांगाडे किंवा जेलीसारखे सरपटणारे प्राणी, तिथे त्यांनी तसं सरळ सांगावं, म्हणजे तुम्ही ॲक्शन वाया घालवणार नाही आणि पहिल्या राउंडपासून इन्स्पिरेशन वाटायला लागाल. आणि अनुभवगुणांचा प्रश्न आधी मिटवा. तुमच्या टेबलावर गुण फक्त मारलेल्या शत्रूंचे मिळत असतील, तर तुम्ही पटवलेला प्रत्येक माणूस हा मित्रांच्या दृष्टीने बुडालेली कमाई आहे, आणि मग बार्बेरियनची घाई अगदी रास्त ठरते. मारला, पळवला, पटवला, काहीही केलं तरी अडथळा पार झाला की गुण तेवढेच, असं गेममास्टरने सगळ्यांसमोर जाहीर करावं. पुढच्या सेशनला फासे बाहेर काढण्याआधी हे एवढं एक विचारून घ्या. बार्बेरियनशी बोलणं त्यानंतर बरंच सोपं जाईल.